भरपाईला उत्पन्न म्हणू नका

जुलै लागला की विश्रांतवाडीतल्या माझ्या ऑफिसबाहेर चपलांची रांग जिन्यापर्यंत जाते. खाली झेरॉक्सचं दुकान, वर मी. आजूबाजूला धानोरी, कळस, दिघी, लोहगाव. या पट्ट्यात सातारा-सांगलीकडून आलेला, निवृत्तीच्या पैशातून गुंठा-दीड गुंठा घेऊन घर बांधलेला फौजी गल्लोगल्ली सापडतो. मी स्वतः सुभेदाराची मुलगी, त्यामुळे बोर्ड करसल्लागाराचा असला तरी अर्धी माणसं 'अण्णांची पोरगी' म्हणूनच येतात.

मागे एका हंगामात एक बाई आल्या. वय तिशीच्या आतलं, हातात नवऱ्याच्या कागदांची प्लॅस्टिकची फाइल. नवरा नायक, वर कुठेतरी पोस्टवर. कुठे ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. फौजींच्या घरात ही रीत असते. विवरणपत्र भरून झालं. कर शून्य, उलट पगारातून कापलेले साडेचार हजार परत मिळायचे होते. राहिली फक्त पडताळणी. तिचा ओटीपी जाणार आधारला जोडलेल्या नंबरवर, तो नंबर नवऱ्याच्या खिशात, आणि नवऱ्याला रेंज मिळते संध्याकाळी पाच-दहा मिनिटं. ओटीपीचं आयुष्यही मिनिटांचंच. भरल्यापासून तीस दिवसांत पडताळणी झाली नाही तर भरलेलं वेळेत भरलं असं धरत नाहीत. सही करून कागद आयकर खात्याला बंगळुरूला टपालानं पाठवायची सोय आहे, पण सही करणाराच वर.

"ताई, ते म्हणाले, उद्या साडेआठला परत पाठवा, मी टेकाडावर जाऊन उभा राहतो."

तीन रात्री आम्ही दोघी साडेआठला आपापल्या घरी फोन धरून बसलो. चौथ्या रात्री सहा आकडे आले. साडेचार हजारांसाठी एक माणूस चार रात्री थंडीत टेकाडावर चढला. त्या चार दिवसांत नवरा-बायकोचं फोनवर दुसरं काही बोलणं झालं नाही, हे त्या बाईंनी नंतर हसत सांगितलं.

सैनिक आणि कर हा विषय निघाला की आपल्याकडे दोन ठरलेली वाक्यं ऐकू येतात. गावाकडे म्हणतात, 'फौजींना टॅक्स नसतो.' समाजमाध्यमांवर म्हणतात, 'सैनिकांकडून टॅक्स घेणं हीच लाज आहे.' पहिलं साफ चूक आहे. दुसरं ऐकायला छान आहे, आणि माझ्या मते तेही चूक आहे. फौजीच्या पगारावर तुमच्या-माझ्यासारखाच आयकर लागतो. मूळ वेतनावर लागतो, महागाई भत्त्यावर लागतो, आणि लष्करी सेवेतल्या खडतरपणासाठी म्हणून जो 'मिलिटरी सर्व्हिस पे' देतात, जवान आणि जेसीओंना (म्हणजे सुभेदार वगैरेंना) महिना ५,२०० आणि अधिकाऱ्यांना १५,५००, त्याच्यावरही लागतो. महाराष्ट्रात नेमणुकीवर असलेल्या सैनिकाला व्यवसाय कर माफ आहे, तो वर्षाचा जास्तीत जास्त अडीच हजार. राज्य सरकारनं २०२० मध्ये माजी सैनिकांच्या एका राहत्या घराची घरपट्टी माफ केली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून वाद झाला की नेमकी तीच घरपट्टी निघते: "तुमचं काय बुवा, तुम्हाला सगळंच माफ." माझ्या वडिलांनी हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की हल्ली ते तेवढ्यापुरतं श्रवणयंत्र काढून ठेवतात.

त्या श्रवणयंत्राकडे मी परत येणार आहे, कारण या लेखाचं खरं कारण तेच आहे. पण त्याआधी जे बरं झालं ते मान्य करायला हवं. २०२५ च्या अर्थसंकल्पानं नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा कर शून्यावर आणला. पगारदार आणि पेन्शनर यांना पंचाहत्तर हजारांची प्रमाणित वजावट धरून तो आकडा पावणेतेरा लाख होतो. माझ्याकडे येणाऱ्या शिपाई, नायक, हवालदार यांतले बहुतेक जण यात बसतात. त्यांच्यापुरता रकमेचा प्रश्न जवळपास मिटला. 'सैनिकांवर कराचा बोजा' असं मोघम लिहिणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडावा. आठवा वेतन आयोग लागू झाला आणि ही मर्यादा होती तिथेच राहिली, तर आज शून्यात असलेले काही सुभेदार पुन्हा करात येतील. पण ते पुढचं पुढे.

मग अडतं कुठे? रकमेत फार कमी. अडतं ते कायदा कोणत्या पैशाला काय म्हणतो तिथे.

सियाचिनचा भत्ता घ्या. सातव्या वेतन आयोगानंतर, २०१७ मध्ये, तो जवानांसाठी महिना १४,००० वरून ३०,००० झाला, अधिकाऱ्यांसाठी २१,००० वरून ४२,५००. जुन्या करप्रणालीत त्यातले महिना सात हजार करमुक्त धरत. फील्ड एरियाच्या भत्त्यातले २,६०० करमुक्त, बंडखोरीविरोधी मोहिमेच्या भत्त्यातले ३,९००. मुलाच्या शिक्षण भत्त्यावरची सूट तर वर्षानुवर्षे महिना शंभर रुपये राहिली, तीही दोन मुलांपुरती. भत्ता अडीच हजारांच्या पुढे गेला, सूट शंभरावर. दर दोन-तीन वर्षांनी बदली होणाऱ्या बापाचं पोर जालंधर, बेळगाव, पुणे अशा तीन ठिकाणी तीन वेळा गणवेश बदलतं. शंभर रुपयांत आता एक मोज्यांचा जोडही धड येत नाही.

नव्या प्रणालीनं हे सगळे कप्पे पुसून टाकले. भत्ता तो पगारच, पगारावर एकच हिशेब. खरं सांगायचं तर मला यात फारसं वावगं दिसत नाही. खडतर नेमणुकीचा मोबदला सरकारनं पगारात रोख द्यावा, आयकराच्या नियमांच्या बोळातून चोरून देऊ नये. करसवलत ही तशीही जास्त पगारवाल्याला जास्त आणि कमी पगारवाल्याला कमी मिळते. करच शून्य असलेल्या शिपायाला सात हजारांची सूट काय कामाची? माझा आक्षेप एवढाच की प्रणाली बदलली तेव्हा जी कुटुंबं मध्येच अडकली, त्यांचा विचार कोणी केला नाही. २०१५-१६ मध्ये वाघोलीत फ्लॅट बुक केलेला हवालदार मी ओळखते. गृहकर्जाच्या व्याजाची दोन लाखांपर्यंतची वजावट आणि प्रॉव्हिडंट फंडाची दीड लाखाची, हे गृहीत धरून त्यानं हप्ता बसवला होता. २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू होऊ लागली. जुनी हवी तर मागून घ्यायची. मागायची कोणी? हवालदार आसामात, वजावटींचे कागद बायकोकडे, पगाराचं काम युनिटचा क्लार्क बघणार. त्या वर्षी त्याचा कर नव्या प्रणालीनं कापला गेला आणि विवरणपत्रात प्रणाली बदलून मी तो परत मिळवला. पण मधले आठ महिने हप्ता भरताना त्या घरात ओढाताण झाली. शहरातला नोकरदार अशा वेळी लंच टाइममध्ये एचआरकडे जाऊन येतो. गंमत म्हणजे सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या पगाराचा हिशेब पुण्यातच, गोळीबार मैदानाजवळच्या लेखा कार्यालयात होतो. लडाखमधल्या कॅप्टनच्या पगारपत्रकाचा पत्ता स्वारगेटपासून दहा मिनिटांवर, आणि कॅप्टन स्वतः अडीच हजार किलोमीटरवर.

आता कॅन्टीन. बाहेरच्या लोकांना कॅन्टीन म्हटलं की दारू आठवते, घरातल्या लोकांना साबण, तेल, टूथपेस्ट आठवते. कॅन्टीनला माल पुरवणाऱ्या सीएसडी या सरकारी विभागाला खरेदीवरच्या जीएसटीतला निम्मा परत मिळतो, म्हणून तिथे वस्तू स्वस्त. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर उतरले. साबण, शाम्पू, टूथपेस्ट अठरावरून पाच टक्क्यांवर आले, साडेतीनशे सीसीपर्यंतच्या मोटरसायकली अठ्ठावीसवरून अठरावर. सगळ्या देशाला स्वस्ताई झाली, आणि आमच्या गल्लीत मात्र कुरकुर सुरू झाली. कारण साधं आहे. कराआधी ऐंशी हजारांची मोटरसायकल धरा. पूर्वी बाजारात १,०२,४००, कॅन्टीनमधून ९१,२००. आता बाजारात ९४,४००, कॅन्टीनमधून ८७,२००. नोंदणी, विमा बाजूला ठेवू. फौजीला गाडी चार हजारांनी स्वस्त मिळाली, शेजाऱ्याला आठ हजारांनी. फौजीचा फायदा ११,२०० वरून ७,२०० वर आला. साबणाच्या रुपयात जिथे नऊ पैसे वाचत होते तिथे अडीच पैसे.

यात कोणाचंच नुकसान झालेलं नाही. फौजीच्याही खिशात जास्त पैसे उरले. तरी शेजारचे निवृत्त हवालदारकाका म्हणाले, "मग आपल्याला वेगळं काय राहिलं?" अर्थशास्त्राच्या पुस्तकात या प्रश्नाला जागा नाही, आणि मनोबल म्हणतात ते बहुतांशी याच प्रश्नात असतं. खडकीच्या कॅन्टीनबाहेर कार्ड घेऊन उभं राहणं ही नुसती खरेदी नसते. पंचवीस वर्षं दिली त्याची ती महिन्याला एकदा मिळणारी पावती असते. म्हणून मी काकांना हसले नाही. पण त्यांच्या बाजूनंही बोलले नाही. सगळ्यांचा कर उतरल्यानं आपलं वेगळेपण कमी झालं, अशी तक्रार घेऊन कोणी रस्त्यावर उतरू नये. तिथे उतरलो तर जिथे खरंच उतरायला हवं तिथे कोणी ऐकणार नाही.

आणि ती जागा म्हणजे अपंगत्वाची पेन्शन.

माझे वडील तोफखान्यात होते. १९८८ ला भरती, २०१६ ला सुभेदार म्हणून निवृत्त. तोफखान्यातल्या माणसाचे कान जातात, हे तोफखान्यात सगळ्यांना माहीत असतं. अण्णांचा डावा कान नोकरीच्या मध्यावरच गेला. मेडिकल बोर्ड झालं, लो मेडिकल कॅटेगरी लागली. त्या वेळी त्यांना बाहेर पडता आलं असतं. पण आम्ही दोघी बहिणी शाळेत, आजोबांचं कर्ज डोक्यावर. अण्णा थांबले. तोफांपासून लांबच्या कामावर घातलं गेलं, स्टोअरमध्ये बसले, पोरांना शिकवलं आणि पूर्ण मुदत भरून आले. सुटताना बोर्डानं तीस टक्के अपंगत्व धरलं, सेवेमुळे आलेलं असा शेरा मारून.

आता हिशेब पाहा. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या तीस टक्के इतका 'डिसॅबिलिटी एलिमेंट' मिळतो. पन्नासच्या आतली टक्केवारी पन्नास धरतात. ही सोय मुदत भरून निवृत्त झालेल्यांनाही लागू असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात दिला. म्हणजे तीसच्या जागी पन्नास, आणि पगाराच्या पंधरा टक्के. शेवटचा पगार साठ हजार धरला तर महिना नऊ हजार. एका कानाची किंमत नऊ हजार. सर्व्हिस एलिमेंट, म्हणजे नेहमीची पेन्शन, ती वेगळी.

या पेन्शनवर कर नाही, हे १९२२ पासून चालत आलं. इंग्रज सरकारच्या अर्थखात्याची ती अधिसूचना. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या जखमींच्या पेन्शनींना करातून वगळणारी. साताऱ्याच्या अपशिंग्यासारख्या गावांतून त्या युद्धाला माणसं गेली होती. स्वतंत्र भारतानं ती सूट पुढे चालवली आणि १९७० च्या आदेशात अपंगत्वाचा भाग आणि सेवेचा भाग असे दोन्ही करमुक्त असल्याचं स्पष्ट केलं. मग २४ जून २०१९ ला केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचं परिपत्रक आलं. सूट फक्त त्यांनाच, जे अपंगत्वामुळे सेवेतून बाहेर काढले गेले. मुदत भरून किंवा अन्य कारणानं निवृत्त झालेल्यांना नाही. माजी सैनिक न्यायालयात गेले, आणि त्याच वर्षी ऑगस्टअखेर सर्वोच्च न्यायालयानं परिस्थिती जैसे थे ठेवायला सांगितलं.

पण परिपत्रक ते आदेश या दोन महिन्यांत आमच्या घरात काय झालं, ते सांगते. अण्णांची पेन्शन ज्या बँकेतून येई तिथल्या काउंटरवरच्या मुलीनं त्यांना विचारलं, "काका, तुम्हाला बोर्ड आउट केलं होतं का?" अण्णांना ते ऐकू आलं नाही. तिनं मोठ्यानं विचारलं. मग आणखी मोठ्यानं. सगळी रांग बघायला लागली. अण्णा म्हणाले, "नाही, मी पूर्ण नोकरी केली." ती म्हणाली, "मग तुमचं अपंगत्व धरता येणार नाही." तिची चूक नव्हती, तिच्यासमोर जो कागद होता तो ती वाचत होती. पण कान गेलेल्या माणसाला, तेही ओरडून, तुमचा कान गेलेला धरता येणार नाही असं सांगितलं गेलं. घरी येऊन अण्णा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

रक्कम काय होती? त्या वेळी अण्णा खराडीत एका कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर होते. पगार पंचवीस हजार, सगळी मिळून पेन्शन एकोणचाळीस हजार. वर्षाला ७ लाख ६८ हजार. पन्नास हजारांची प्रमाणित वजावट आणि दीड लाखाची गुंतवणूक वजा केली तर ५ लाख ६८ हजार. त्यावर त्या वर्षीच्या दरानं कर २७ हजारांच्या आसपास. पेन्शन पूर्ण करमुक्त धरली तर शून्य. पण मी आणखी एक आकडेमोड करून पाहिली होती. फक्त डिसॅबिलिटी एलिमेंट, ते नऊ हजार तेवढे वगळायचे आणि बाकी सगळ्यावर कर लावायचा. उत्पन्न होतं ४ लाख ६० हजार, पाच लाखांच्या आत, म्हणून रिबेट लागून कर पुन्हा शून्य.

इथे सरकारची बाजू मांडायला हवी, कारण ती पोकळ नाही. बाहेर काढलेला आणि मुदत भरलेला यांत फरक आहेच. खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये गेलं की तो फरक डोळ्यांनी दिसतो: कमरेखालचं शरीर गेलेली माणसं चाकाच्या खुर्चीत बसून बास्केटबॉल खेळतात. त्यांची नोकरी गेली, बढती गेली, चाळिशीची कमाई गेली. दुसरीकडे चांगल्या हुद्द्यावरून, पूर्ण पेन्शनीसह निवृत्त होणारा आणि रक्तदाब किंवा मधुमेहाच्या नावावर सगळी पेन्शन करमुक्त करून घेणारा अधिकारीही आहे. अधिकाऱ्यांमधल्या अपंगत्व पेन्शनीच्या मोठ्या प्रमाणाकडे कॅगनंही बोट दाखवलं आहे. फौजी लोकांत हे सगळे जाणतात आणि चारचौघांत कोणी बोलत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये नवे नियम आले. सेवेत राहिलेल्याला मिळणाऱ्या रकमेचं नाव त्यात 'इंपेअरमेंट रिलीफ' असं ठेवलं गेलं. नाव बदललं की वस्तू बदलते अशी सरकारी खात्यांची जुनी समजूत आहे.

पण गैरफायदा थांबवायचा तर तो जिथे होतो तिथे थांबवावा. अपंगत्व सेवेमुळे आलं की नाही हे मेडिकल बोर्ड ठरवतं. बोर्ड ढिलं असेल तर बोर्ड घट्ट करा. आयकराच्या कलमानं डॉक्टरचं काम करू नये. आणि 'बाहेर काढला गेला का' ही कसोटी तर उलटीच आहे. जखम झाल्यावर जो घरी गेला त्याची जखम कर खात्याला दिसते, जखम घेऊन जो आणखी चौदा वर्षं कामावर उभा राहिला त्याची दिसत नाही. युनिटमधल्या तरुण पोरांना यातून काय शिकवलं जातं? दुखलं तर लपवू नका आणि थांबूही नका, लगेच बोर्ड आउट व्हा. जगात कुठलाही सेनापती जवानाला असा सल्ला देणार नाही.

माझं म्हणणं असं आहे, आणि ते दोन्ही बाजूंना आवडणार नाही. डिसॅबिलिटी एलिमेंट ही भरपाई आहे. गेलेल्या कानाचे, गुडघ्याचे, बोटाचे ते पैसे आहेत. अपघातात पाय गेलेल्याला न्यायाधिकरण त्या पायाची जी भरपाई देतं तिला आपण पगार म्हणत नाही, मग हिलाच का म्हणावं? ती सगळ्यांना करमुक्त हवी, बाहेर काढलेला असो, मुदत भरलेला असो, शिपाई असो की जनरल. सर्व्हिस एलिमेंट मात्र पेन्शन आहे, केलेल्या नोकरीचा मोबदला. ज्याची नोकरीच अपंगत्वानं हिरावली त्याचा तोही भाग करमुक्त राहू द्या, कारण त्याची उरलेली कमाईची वर्षं त्याच जखमेनं खाल्ली. पण पूर्ण नोकरी करून, पूर्ण पेन्शन घेऊन आलेल्यानं त्या भागावर इतरांसारखा कर भरावा. यानं बड्या पेन्शनीवरचा फुगलेला फायदा जातो आणि अण्णांसारख्या माणसाकडे कोणी ओरडून कानाचा हिशेब मागत नाही. आणि जी काही रेघ ओढायची ती यापुढे निवृत्त होणाऱ्यांसाठी ओढावी. जो माणूस एका नियमावर विसंबून अठ्ठावीस वर्षं राबला, त्याला तिसऱ्या वर्षी पत्र पाठवून नियम बदलू नये.

याच न्यायानं कुटुंब पेन्शनीकडे पाहायला हवं. मोहिमेवर मृत्यू आला तर वीरपत्नीची कुटुंब पेन्शन करमुक्त. परमवीर, महावीर, वीरचक्र विजेत्यांची पेन्शनही करमुक्त. पण शांततेच्या ठाण्यात पहाटेच्या पीटीला छातीत कळ येऊन गेलेल्या नायकाच्या बायकोला यातलं काही नाही. तिची पेन्शन 'इतर उत्पन्न', त्यातून नव्या प्रणालीत पंचवीस हजारांची वजावट. बारा लाखांच्या मर्यादेमुळे तिला कर पडत नाही, हे खरं. मात्र उत्पन्न चार लाखांच्या वर गेलं तर तो शून्य मिळवायलाही विवरणपत्र भरावं लागतं, आणि हे तिला कोणी सांगत नाही. विम्याचे पैसे ती मुदत ठेवीत ठेवते. रकमेवर कर नाही, पण व्याजावर बँक दहा टक्के कापते. अशीच एक ताई फॉर्म हातात धरून मला म्हणाली होती, "ते गेले म्हणून आलेले पैसे, त्याच्यातून पण कापतात?" रकमेतून नव्हे, व्याजातून, असं मी समजावून सांगितलं. बरोबरच सांगितलं. तिनं मान हलवली आणि पुन्हा तेच विचारलं.

अशा घरांसाठी कायदा बदलण्याची गरज नाही. पेन्शन देणाऱ्या यंत्रणेकडे तिचं नाव, पॅन, रक्कम, मृत्यूचं कारण सगळं आहे. भरलेलं विवरणपत्र तिला तिथूनच समोर यायला काय हरकत आहे? थकबाकीचंही तेच. वन रँक वन पेन्शनच्या फेररचनेची थकबाकी २०२३ मध्ये हप्त्यांनी आली. अनेक वर्षांचे पैसे एका वर्षात आले की वरचा स्लॅब लागतो, आणि त्यातून सुटायला दहा-ई नावाचा फॉर्म भरावा लागतो. माझ्याकडे आलेल्यांपैकी बहुतेकांनी त्याचं नाव पहिल्यांदाच ऐकलं होतं. वेतन आयोगाची थकबाकी आली की तोच खेळ पुन्हा. आणि पोस्टवरच्या जवानाची पडताळणी त्याच्या युनिटमधून करता यावी, एवढी सोय झाली तरी टेकाडावरची ती चढण वाचेल.

अग्निवीरांबद्दल थोडक्यात. चार वर्षांनंतर मिळणारा व्याजासकट साधारण ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी पूर्ण करमुक्त आहे, आणि त्यात सरकार जेवढी भर घालतं ती नव्या प्रणालीतही वजा होते. करापुरतं पाहिलं तर याहून उदार तरतूद सैन्यात दुसरी नाही. दिघीतल्या एका बापानं मला विचारलं, टॅक्स नाही म्हणजे चांगलंच ना? मी म्हटलं, टॅक्स नाही, पेन्शन पण नाही. त्यांनी कागद घडी घालून खिशात ठेवला.

हा लेख पाठवण्याआधी अण्णांना वाचायला दिला. चष्मा लावून त्यांनी सगळा वाचला, मोटरसायकलच्या हिशेबाशी थांबून बोटांवर आकडे मोजले, आणि बँकेचा परिच्छेद आला तेव्हा पान उलटून टाकलं. शेवटी म्हणाले, "सर्व्हिस एलिमेंटवर टॅक्स घ्या असं का लिहिलंस? काढ ते." मी म्हटलं, नाही काढणार. ते म्हणाले, "काय?" मी पुन्हा, मोठ्यानं म्हटलं. त्यांनी श्रवणयंत्र काढून टेबलावर ठेवलं.